वॅफल करा, पण आपल्या ज्वारीचा आणि आपल्या डाळिंबाचा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात वॅफल, म्हणजे चौकटी-चौकटीच्या साच्यात भाजलेला तो जाडसर कुरकुरीत पदार्थ, आता नवीन राहिलेला नाही. संध्याकाळी कुठल्याही मोठ्या रस्त्याला फिरा, एखादं तरी वॅफलचं दुकान दिसतं आणि तिथं कॉलेजच्या पोरांची गर्दी असते. पण गेल्या काही दिवसात हा पदार्थ संध्याकाळच्या खाऊतून उठून सकाळच्या नाश्त्यात आलाय, बऱ्याच घरात वॅफल मेकर आलेत, आणि मुलं उप्पीट नको सुसला नको वॅफलच पाहिजे म्हणून बसतात. मुलांनी नवीन पदार्थ खावा, त्यात काही वाईट नाही असं माझं मत आहे, मी स्वतः सून-नातवंडांसाठी आवडीनं करते. मला त्रास होतो तो वेगळ्या गोष्टीचा. ज्या जिल्ह्यात मालदांडी ज्वारी पिकते आणि डाळिंबाच्या बागा आहेत तिथल्या आया सकाळी सात वाजता मैद्याचं तयार पाकीट फोडतात, त्यावर बाटलीतलं लाल पाणी ओततात आणि मुलाला नाश्ता झाला म्हणून शाळेला पाठवतात. ह्यावर कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, पण कृपा करून छापा.

आधी त्या पाकिटाचं बघू. आपल्याकडं अन्न सुरक्षेचा नियम आहे की पाकिटावर घटक पदार्थ जास्त वजनापासून कमी वजनाकडं अशा क्रमानं लिहायचे. म्हणजे समोर मोठ्या अक्षरात मल्टिग्रेन लिहिलेलं असू दे नाहीतर गव्हाच्या लोंबीचं चित्र असू दे, मागं बारीक अक्षरात पहिलं नाव रिफाइंड व्हीट फ्लोअर असेल तर तो मैदा, आणि दुसरं नाव साखर असेल तर मग बघायलाच नको. नाचणी, ओट्स वगैरे नावं शेवटाला चिमूटभर असतात. मैद्यात गव्हाचा कोंडाही नसतो आणि अंकुरही नसतो, नुसता आतला पांढरा भाग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्या भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले त्यात १०० ग्रॅम मैद्यात तंतू (फायबर) पावणेतीन ग्रॅमच्या आसपास दिलेत आणि ज्वारीत १० ग्रॅमच्या वर, कणकेत ११ च्या वर. एवढा फरक आहे. मग सकाळी आठला मैदा खाल्लेलं पोर दहा वाजता वर्गात भूक लागली म्हणून डबा उघडतं त्यात त्याची काय चूक.

बाटलीतल्या सिरपचंही तेच. फ्रूट सिरप असं नाव द्यायचं तर नियमानं फळाचा रस किमान २५ टक्के लागतो, बाकी बहुतेक साखर, कारण एकूण विद्राव्य म्हणजे विरघळलेले घटक किमान ६५ टक्के पाहिजेत. आणि नावात फ्लेवर्ड सिरप असेल तर मग फळ शोधत बसू नका. मेपल सिरप म्हणून जे मिळतं त्यातही बघून घ्या, खरं मेपल सिरप हे कॅनडा-अमेरिकेतल्या मेपल झाडाचा रस आटवून करतात, साधारण ४० लिटर रस आटवला तर एक लिटर होतं, त्यामुळं ते महागच असणार, स्वस्तात मिळतं ते बहुधा रंग आणि वास घातलेला साखरेचा पाक असतो.

काही जण म्हणतील वॅफल हा परदेशी पदार्थ, त्यात ज्वारी कशाला घुसवता. मला हे पटत नाही. वॅफल युरोपातला, बेल्जियममधला प्रसिद्ध, अमेरिकेत कॉर्नेलियस स्वॉर्टवाउट नावाच्या माणसानं चुलीवर ठेवायच्या वॅफलच्या साच्याचं पेटंट २४ ऑगस्ट १८६९ ला घेतलं, आणि तिथंही लोकांनी मक्याचं पीठ, बकव्हीटचं म्हणजे कुट्टूचं पीठ, जे ज्याच्या भागात पिकतं ते घालून वॅफल केलेच की. वर स्ट्रॉबेरी घातली कारण त्यांच्याकडं स्ट्रॉबेरी होती. मग आपल्याकडं ज्वारी आणि डाळिंब आहे तर आपण तेच घालणार.

आणि आपली ज्वारी काही साधी नाही ओ. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी मिळालं. मालदांडी ३५-१ हे वाण १९३० च्या दशकात आपल्याच मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रावर निवड करून काढलेलं, अजूनही शेतकरी तेच पेरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरला काळ्या रानात पेरायची, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते, पाणी फारसं लागत नाही, आपल्या दुष्काळी भागाला ह्याच पिकानं जगवलंय. डाळिंबासाठी तर देशाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच २००५ पासून केगावला आहे, आपल्या शहराच्या कडेला. २०२३ साल संयुक्त राष्ट्रसंघानं भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हा भाषणं झाली, स्टॉल लागले, फोटो निघाले. पण मुलाच्या ताटातलं बदललं का, हे बघायला पाहिजे होतं. भाकरी मुलं कमी खातात हे प्रत्येक घरात माहीत आहे, मग जी गोष्ट ती आवडीनं खातात तिच्यातून ज्वारी पोटात जाऊ दे ना.

आता कृती सांगते, कारण नुसतं करा करा म्हणून उपयोग नाही.

ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातला पीठ धरून ठेवणारा चिवट घटक, नाही. त्यामुळं नुसत्या ज्वारीचा वॅफल कुरकुरीत होतो पण उचलताना मोडतो. म्हणून एक वाटी ज्वारीचं पीठ आणि एक वाटी कणीक घ्यायची, कणीक चाळून कोंडा काढायचा नाही, नाहीतर सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही. त्यात मीठ आणि दोन चमचे बारीक केलेला गूळ. दीड वाटी जरा घट्टसर ताक, दोन अंडी, आणि तीन-चार मोठे चमचे तूप किंवा शेंगदाण्याचं तेल. तेलातुपाला हात आखडू नका, पिठातच ते नसेल तर वॅफल साच्याला चिकटतो आणि वरून कितीही तेल लावलं तरी निघत नाही. हे सगळं कालवून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायचं, मैद्याला ही गरज पडत नाही पण कोंड्याच्या पिठाला पाणी प्यायला वेळ लागतो, तो दिला नाही तर दाताखाली रवाळ लागतं आणि मुलं म्हणतात ज्वारी नको. मशीन तापल्यावर अगदी शेवटी एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा लहान चमचा सोडा, ताकातल्या आंबटपणावर सोडा फुलतो, आधीच घालून ठेवला तर सगळी हवा निघून जाते. वेळ असेल तर अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हातानं मिसळा, फार हलका होतो.

अंडं न खाणाऱ्या घरात दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, बुळबुळीत होते, ती घालायची. कुणाला गहू चालत नसेल तर कणीक काढून सगळी ज्वारी घ्या आणि एक चमचा इसबगोल घाला, पण मग गिरणीत त्याआधी गहू दळलेला नाही ह्याची खात्री करा, सिलिएकच्या, म्हणजे ग्लुटेन न चालणाऱ्या आजाराच्या माणसाला तेवढंही बाधतं.

साचा चांगला कडकडीत तापू द्यायचा. पीठ घालून झाकण लावलं की कडेनं वाफ येते, ती वाफ येणं बंद होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, मधेच उघडलं तर वॅफल मधोमध फाटून अर्धा वर अर्धा खाली. आणि काढल्यावर एकावर एक ठेवायचे नाहीत, स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतात, जाळीवर सुटे ठेवायचे.

एक गोष्ट आपल्या बायकांना विशेष सांगावीशी वाटते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं तुटते, मग ते पीठ तसंच डब्यात पडून राहतं. तेच पीठ वॅफलला चालतं कारण इथं धरून ठेवायला अंडं आणि कणीक आहे. फक्त वास घेऊन बघा, अख्ख्या धान्याच्या पिठात अंकुरातलं तेल असतं आणि आपल्या उन्हाळ्यात ते लवकर खवट होतं, खवट झालं असेल तर कशालाच वापरू नका. उन्हाळ्यात पंधरा दिवसापुरतंच दळून आणलेलं बरं.

सिरपसाठी डाळिंब. मृग, हस्त, आंबे असे तीन बहार म्हणजे फळाचे हंगाम धरतात त्यामुळं आपल्याकडं वर्षातले बरेच महिने डाळिंब मिळतं. आणि इथं माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की सिरपला चकचकीत महाग फळ आणू नका. सालीवर डाग पडलेलं, उन्हानं एका बाजूला करपलेलं, आकारानं लहान अशा फळाला बाजारात कुणी विचारत नाही, शेतकऱ्याला ते मिळेल त्या भावाला द्यावं लागतं, आणि पुष्कळदा आतले दाणे मात्र लालबुंद आणि चांगले असतात. वर्षभर फवारण्या करून, तेल्या रोगापासून बाग वाचवून त्या माणसानं पिकवलेलं असतं ते. असं फळ आपण मागून घेतलं तर त्याच्या पदरात दोन पैसे पडतील आणि आपल्यालाही स्वस्त पडेल. तडकून उघडं पडलेलं मात्र बघून घ्या, आत बुरशी असते.

दाणे काढून मिक्सरला एक-दोनदाच फिरवायचे, लगेच थांबायचं. जास्त फिरवलं तर आतली बी भरडते आणि रस तुरट कडवट होतो. पातळ फडक्यातून गाळून घ्यायचा. दोन वाट्या रसाला अर्धी वाटी साखर पुरते, स्टीलच्याच भांड्यात मंद आचेवर ठेवायचा, ॲल्युमिनियम किंवा लोखंड नको कारण रस आंबट असतो. वीस-पंचवीस मिनिटात निम्म्यावर येतो. गरम असताना पातळच दिसेल, गार झाला की घट्ट होतो, म्हणून पातळ वाटतंय म्हणून आटवत बसू नका. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस, त्यानं चवही येते आणि रंगही लाल राहतो. गूळ घातला तर चव खमंग येते पण रंग तपकिरी होतो, आमच्या घरी गुळाचाच आवडतो. हे सिरप फ्रिजमध्ये आठवडाभर नीट राहतं, त्याच्यापुढं नाही, कारण बाटलीवाल्यांसारखी टिकण्यापुरती साखर आपण घालतच नाही. फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं स्वस्त झाली की काळ्या द्राक्षांचं असंच करता येतं, शरद सीडलेस तर आपल्याच नान्नजचं वाण, त्यात साखर जवळजवळ लागतच नाही. बोरं उकडून, बिया काढून, त्याचा गर गुळात शिजवला तरी छान लागतो.

पण घरचं आहे म्हणून वाटीभर ओतायचं नाही हेही सांगते. रस काढून आटवला की फळातली साखरही साखरच होते, जागतिक आरोग्य संघटना तिला वेगळं धरत नाही, दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. म्हणून एका वॅफलला दोन चमचे सिरप आणि वर मूठभर अख्खे दाणे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात देऊ नये, काही जण सिरपऐवजी मध घालतात म्हणून मुद्दाम लिहिलं. घरात साखरेचा पेशंट असेल तर त्यांच्या पिठात गूळ न घालता हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं आणि किसलेलं गाजर घाला, आणि बरोबर आपली शेंगाची चटणी आणि दही. माझ्या मते हा गोडापेक्षा भारी लागतो.

संपादक साहेब, आपल्या पेपरला दोन विनंत्या आहेत. पाककृती छापताना पीठ कुठलं हे स्पष्ट छापत जा, नुसतं वॅफल मिक्स एक पाकीट असं नको, आणि ज्या महिन्यात आपल्या जिल्ह्यात जे फळ भरपूर आहे त्याचीच कृती त्या महिन्यात द्या, लोक आणतात, मागणी वाढते. दुसरं, शहरातल्या वॅफलच्या दुकानदारांपर्यंत आपल्यामार्फत एवढं पोचू दे की मेनूत एक तरी ज्वारीचा वॅफल ठेवून बघा. दुकानं आपल्याच मुलांची आहेत, भांडवल घालून बसलीत, त्यांना नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. मैद्याच्या वॅफलशेजारी ज्वारीचा ठेवा, पाटीवर मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचं डाळिंब असं लिहा, बाहेरगावचा माणूस सिद्धेश्वरला किंवा अक्कलकोटला आलेला असतो तो मुद्दाम मागून खाईल असा मला भरवसा आहे.

आणि ज्यांच्याकडं मशीन नाही त्यांनी अडून बसू नये, तेवढ्यासाठी दीड-दोन हजार घालायची काही गरज नाही. हेच पीठ थोडं घट्ट ठेवून आप्पेपात्रात तुपावर घाला, झाकण ठेवून मध्यम आचेवर एक बाजू, मग उलटून दुसरी, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ होतात, आणि सिरप बुडवून खायला मुलांना ते सोपंही पडतं. बिडाच्या तव्यावर जाडसर घावनासारखं घातलं तरी चालतं, फक्त पहिलं घालायच्या आधी तव्याला कांदा कापून तेलात बुडवून फिरवून घ्या, चिकटणार नाही.

आपली नेहमीची वाचक,
सोलापूर