उत्तर देणाऱ्याच्या हातात अधिकार हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ब्रँड आणि सोशल मीडिया हा विषय निघाला की चर्चा फॉलोअर किती, रील किती चालली, कोणता इन्फ्लुएन्सर घेतला, एवढ्यावरच थांबते. जनसंपर्काच्या कामात असल्याने मला ती अपुरी वाटते. कंपनीची पत ठरते ती पोस्टच्या खाली, कॉमेंटमध्ये. आणि नेमके तिथेच सगळ्यात नवख्या माणसाला बसवले जाते.

नेहमीचा प्रसंग पाहा. ग्राहक खरेदीची तारीख, बिघडलेल्या वस्तूचा फोटो, आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक असे सगळे टाकून लिहितो. दोन मिनिटांत उत्तर येते: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया तपशील इनबॉक्समध्ये पाठवा.' फोन नंबर आणि पत्ता चारचौघांत मागू नये, हे बरोबरच. पण इनबॉक्समध्ये पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगायचे, मग कॉल सेंटरला तिसऱ्यांदा. वैतागून तो परत जाहीरपणे लिहितो, तर तेच वाक्य शब्दशः त्याच्या तोंडावर फेकले जाते. उत्तर लिहिणाऱ्या मुलामुलींचा यात दोष नसतो. पैसे परत करणे, वस्तू बदलून देणे तर सोडाच, 'चूक आमची आहे' एवढे लिहायचीही त्यांना मुभा नसते.

२०१० मध्ये नेस्लेच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. किटकॅटमधल्या पाम तेलासाठी इंडोनेशियातील जंगले तोडली जातात, असा आरोप ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने मार्चमध्ये एका व्हिडिओतून केला. कंपनीने कॉपीराइटचे कारण देऊन तो यूट्यूबवरून काढायला लावला. तो दुसरीकडे आणखी पसरला. संतापलेले लोक कंपनीच्या फेसबुक पेजवर आले, काहींनी प्रोफाइलला किटकॅटचा बदललेला लोगो लावला होता. त्यावर पेजवरून बजावण्यात आले, की असा लोगो लावून केलेल्या कॉमेंट काढून टाकू. वर खोचक उत्तरेही दिली गेली. लोक विचारत होते, तेल कुठून घेता? याचे उत्तर खरेदी विभागाकडे होते, पेज सांभाळणाऱ्याकडे नव्हते. त्याच्या हातात फक्त लोगोची राखण होती. मे महिन्यात कंपनीने जंगलतोडीशी संबंधित पुरवठादार वगळण्याचे धोरण जाहीर केले. हा निर्णय वरूनच येऊ शकत होता, पण तोवर पेजवर जी शोभा व्हायची ती झाली होती.

याउलट फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमधील केएफसीने वाहतुकीचे कंत्राट बदलले आणि चिकनच पोहोचेना. शेकडो शाखा बंद ठेवाव्या लागल्या. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन माफी मागितली, रिकाम्या बकेटवर स्वतःच्याच नावातील अक्षरे उलटसुलट करून. त्या जाहिरातीचे कौतुक खूप झाले. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: कोणती शाखा उघडी आहे, हे लोकांना ऑनलाइन पाहता येईल अशी सोय त्यांनी केली. माफीसोबत उपयोगाची माहिती मिळाली, कारण आतले विभाग एकमेकांशी बोलत होते.

पोस्ट थांबवण्याचाही अधिकार हवा. ८ मार्च २०२१ रोजी ब्रिटनमधील बर्गर किंगने 'बायकांची जागा स्वयंपाकघरात' अशा अर्थाचे ट्वीट केले. पुढच्या ट्वीटमध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी पाककलेच्या शिष्यवृत्तीची माहिती होती, पण पसरले ते पहिले, एकटेच. कंपनीने आधी समर्थन केले, नंतर ट्वीट काढून माफी मागितली. 'हे एकटे वाचले तर कसे दिसेल?' असे विचारून पोस्ट अडवणारे कुणीतरी तिथे असायला हवे होते. मोठ्या दुर्घटनेच्या दिवशी आधीच शेड्यूल केलेल्या सवलतीच्या पोस्ट झळकत राहतात, त्याही याच कारणाने. थांबवायचे कुणाला सुचले तरी परवानगी मिळेपर्यंत वेळ निघून जातो.

एक विनंती आहे. आपल्या अर्थविषयक पानांवर कंपन्यांच्या डिजिटल मोहिमांचे कौतुक छापताना, पेजवर आलेल्या तक्रारींपैकी किती तिथल्या तिथे सुटल्या आणि उत्तर देणाऱ्याला किती रकमेपर्यंत स्वतः निर्णय घेता येतो, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावेत.

– आपली एक वाचक