बातमीत पायरी आणि द्रावकही छापा

संपादक महाशय,

सौरघट किंवा बॅटरीच्या संशोधनाची बातमी ‘संगणकावर रेणू चालवून पाहिले’ एवढ्यावर आटोपते. खरी मेहनत त्यापुढेच आहे. रेण्वीय गतिकीत, म्हणजे अणूंची हालचाल संगणकावर घडवून पाहण्याच्या पद्धतीत, प्रत्येक अणूवरचं बल काढून त्याला साधारण 1 फेम्टोसेकंदाने (नॅनोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा, दहा लाखावा भाग) पुढे सरकवतात; ही एक पायरी. कार्बन-हायड्रोजन बंधाचं एक कंपन जेमतेम 11 फेम्टोसेकंदांत पुरं होतं. बंधांची लांबी न गोठवता पायरी 5 फेम्टोसेकंदांची केली, की ऊर्जा वाढत सुटते आणि अणू उधळतात. म्हणजे एका नॅनोसेकंदासाठी 10 लाख पायऱ्या!

इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर जातो तिथे हेही पुरत नाही. नेहमीच्या बलक्षेत्रात (अणूंमधली बलं काढण्याच्या ठरीव सूत्रांत) अणूंवरचे प्रभार ठरलेले असतात, ते हलणार कसे? म्हणून रेणू आणि द्रावकाचं मिश्रण 300 केल्व्हिनला स्थिरावू द्यायचं, मग ठरावीक अंतराने अणूंच्या जागा टिपून त्यांवर पुंजयांत्रिकी (क्वांटम) गणित करायचं. त्यात साधं, स्वस्त डेन्सिटी फंक्शनल (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याचं सूत्र) घेतलं तर इलेक्ट्रॉन दोन्ही रेणूंवर पसरलेला दिसू शकतो. तो दोष पद्धतीचा, रेणूचा नव्हे.

भोवतालच्या द्रावकाची पुनर्रचना इलेक्ट्रॉनच्या या उडीच्या वेगावर किती अंकुश ठेवते, हे रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्कस यांनी 1956 पासून मांडलं. 1992 चं नोबेल त्यासाठीच. द्रावक वगळून काढलेल्या वेगावर म्हणूनच विसंबता येत नाही.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था दोन्ही आपल्या पाषाण परिसरात, ‘परम ब्रह्म’ महासंगणकही आयसरमध्ये. पुण्याच्या वृत्तपत्राने अशा बातमीत अणू किती, पायरी किती, काळ किती आणि द्रावक कोणता, एवढं तरी आवर्जून छापावं.

– एक वाचक, पाषाण, पुणे