लग्नाचा खर्च एकट्याने कमी होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की पेपरात 'शेतकऱ्यांनी लग्नातली उधळपट्टी टाळावी' असं छापून येतं, पण जो बाप पोरीचं लग्न करतोय त्याला काय हिशोब कळत नाही का हो? कळतो की. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये, तो पूर्ण मिळाला असं धरलं (मिळत नाही ते सोडा) तरी पाच लाखाच्या लग्नात ९० क्विंटलच्या वर माल जातो, आणि आमच्याकडे कोरडवाहूत एकरी सात-आठ क्विंटल झालं म्हणजे साल चांगलं म्हणायचं. हे त्याला तोंडपाठ असतं. तरी तो सावकाराची पायरी चढतो, कारण लग्न साधं केलं तर लोक म्हणणार पोरीत काहीतरी खोट असेल, नाहीतर बाप बुडालाय, आणि मग धाकटीला स्थळं यायची बंद होतात.

आहेराचंच बघा. ते टॉवेल-टोपी, ब्लाऊज पीस कोणी वापरत नाही, घडी न मोडता या घरातून त्या घरात फिरत राहतात, हे सगळ्यांना माहितीये. पण मांडवात एखाद्या पाहुण्याचं नाव माईकवर पुकारायचं राहिलं की गडी न जेवता गाडीला किक मारतो, म्हणून गठ्ठा आणावाच लागतो.

म्हणून २०२५ मध्ये मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नासाठी आचारसंहिता पुढे आली ती मला उपदेशापेक्षा जास्त पटली. पाहुणे कमी, डीजे नको, प्री-वेडिंग नको, हुंडा नको. हुंडा तर १९६१ च्या कायद्यानेच बंद आहे, पण आपल्याकडे कायद्यापेक्षा भावकीची भीती मोठी, मग तीच भीती उलट्या बाजूने कामाला लावली तर बिघडलं कुठं? सगळ्यांनी मिळून ठरवलं की एकट्याचं नाक कापलं जात नाही. जोतिबांनी १८७३ मध्ये कमी खर्चात लग्न लावून दाखवलं तेव्हाही मागे सत्यशोधक समाज उभा होता.

आता बैठकीत पुढच्या खुर्चीवर बसलेल्या पुढाऱ्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा काय होतं ते बघू.

आणि एक तुमच्यासाठी. शाही विवाहसोहळ्यांचे फोटो तुम्ही रंगीत पानावर छापता, तसे नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्या जोडप्यांचे पण छापा ना, त्यांची हरकत नसेल तर नाव-गावासकट.

एक वाचक, जि. लातूर