प्रत्येक मुलाचे नाव मंचावरून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वृत्तपत्रात गुणवंतांचे फोटो येतात, चौकाचौकांत त्यांच्या अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. त्या मुलांनी कष्ट केलेले असतात, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आहे आणि असे अनेक गुणगौरव समारंभ मी जवळून पाहिले आहेत. तरीही यंदाच्या जूनमध्ये नातवाच्या हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनसाठी अमेरिकेला, न्यू जर्सीला जाऊन आल्यापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. ती आपल्या शाळांच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र.

नववी ते बारावी ही चार वर्षे म्हणजे तिथले हायस्कूल. बारावी झालेल्या सगळ्या मुलांचा निरोपाचा सोहळा शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर असतो. घरटी मोजकीच तिकिटे मिळतात. पाऊस आला तर सोहळा आत जिममध्ये हलवतात आणि तिथे आणखी कमी माणसे मावतात, त्यामुळे सकाळपासून घरातले प्रत्येक जण ढगांकडे बघत होते. संध्याकाळी सहाला बँडवर ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ सुरू झाले. एल्गार या इंग्रज संगीतकाराची 1901 सालची ही धून. 1905 मध्ये येल विद्यापीठाने त्याला मानद पदवी दिली तेव्हा ती वाजली आणि पुढे अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या पदवी समारंभांत रुळली. त्या संथ तालावर झगे-टोप्या घातलेली मुले दोन-दोनच्या रांगेने आली. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. माझी धाकटी बहीण गजर लावून उठली होती आणि फोनवर थेट प्रक्षेपण बघत होती.

उंच पायऱ्यांवर बसलेल्या आम्हाला खाली नुसत्या चौकोनी टोप्याच दिसत होत्या. आपले मूल ओळखू यावे म्हणून मुले टोपीवर काहीबाही चिकटवतात. नातवाने पिवळाधमक कागद लावला होता, त्यामुळे तो कुठल्या खुर्चीवर बसला आहे ते लगेच कळले. जावयांना फोटोग्राफीचा नाद आहे. त्या टोपीच्या फळीची सावली थेट डोळ्यांवर पडते, म्हणून घरून निघतानाच त्यांनी नातवाला टोपी कपाळावरून जरा मागे सरकवायला लावली आणि दाराशी सगळ्यांचे फोटो उरकून घेतले. मंचाजवळ पालकांना जाऊ देत नाहीत. हस्तांदोलनाचा फोटो शाळेचा फोटोग्राफर काढतो आणि नंतर घरी पाठवतो. “तो फोटो येणारच आहे, त्यासाठी धडपडू नका,” असे जावयांनी आम्हाला बजावून ठेवले होते. लेकीने व्हिडिओ घ्यायचा, त्यांनी कॅमेरा सांभाळायचा आणि मी नुसते बघायचे, अशी वाटणी झाली होती. मी डोळे भरून बघितले.

मग नावे सुरू झाली. एक शिक्षिका एकेक नाव घेत होत्या आणि ते मूल मंचावर चालत जात होते. नातवाचे नाव आणि आपले चांगले लांबलचक आडनाव त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारले. चौकशी केली तेव्हा कळले, की प्रत्येक मुलाकडून नावाचा उच्चार त्यांनी आधीच लिहून घेतला होता. मैदानावर चीनचे, पोलंडचे, नायजेरियाचे, गुजरातचे अशी किती तऱ्हांची नावे होती! एकाही नावाला त्या अडखळल्या नाहीत. शाळेने मुलाला दिलेला मान म्हणजे आणखी काय असतो?

माझ्या शेजारी एक बाई एकट्याच बसल्या होत्या. अंगावर हॉस्पिटलच्या सफाई खात्याचा गणवेश, हातात काच तडकलेला फोन. मुलाची पाळी जवळ आली तशी त्यांनी मला विचारले, “माझे हात थरथरताहेत, तुम्ही काढाल का?” मी फोन घेतला. नाव पुकारले गेले आणि बाई उभ्या राहून अशा ओरडल्या, की पुढच्या चार रांगांनी वळून बघितले आणि मग त्या रांगाही टाळ्या वाजवू लागल्या. मुलाने मान वर करून आईला शोधले. तो पहिला आला होता की कसाबसा पास झाला होता, हे मला माहीत नाही. त्या मंचावर ते कुणालाच कळत नव्हते. हुशार मुलांच्या गळ्यात वेगळ्या रंगाचे गोंडे होते आणि सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या मुलीचे भाषणही झाले. पण मंचावर चालत जाण्याचा मान सगळ्यांना सारखा होता.

माझी लेक बारावी झाली तेव्हा गुणपत्रिका कॉलेजच्या खिडकीतून तिच्या हाती आली. त्या दिवसाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आता निकाल फोनवर दिसतो, एवढाच काय तो फरक. आमच्या शाळेत पहिल्या पाच जणांचा सत्कार होई. बेचाळीस टक्के मिळवणाऱ्यांतही घरचे दुकान सांभाळून किंवा धाकट्या भावंडांना बघून परीक्षेला बसलेली मुले असत, पण त्यांचे नाव मंचावरून कधी घेतलेच जात नसे. बालवाडी संपली की चिमुरड्यांना काळा झगा घालून फोटो काढणाऱ्या शाळा आज आपल्याकडे आहेत. मग बारा वर्षे शिकलेल्या मुलाच्या वाट्याला एक संध्याकाळ का येऊ नये?

झगा नको, टोपी नको, पाहुणे आणि त्यांची भाषणे तर मुळीच नकोत. गुणपत्रिका शाळेत आल्या की एका संध्याकाळी पटांगणात पालकांना बोलवावे आणि उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव घेऊन ती मंचावर हाती द्यावी. एका नावाला दहा सेकंद धरले तरी चारशे मुले सव्वा तासाच्या आत होतात. मुले अकरावीच्या नाहीतर पुढच्या प्रवेशांच्या धावपळीत असतात हे मला ठाऊक आहे, पण गुणपत्रिका घ्यायला ती शाळेत येतातच. जी या खेपेला राहिली, त्यांना पुरवणी परीक्षेनंतर तेवढ्याच मानाने बोलवावे. मंचासमोर दोरी बांधून फोटोसाठी जागा ठेवावी आणि ज्याची पाळी त्याच्याच घरच्यांना तिथे पुढे सोडावे. नाहीतर वर धरलेल्या फोनांच्या मागे सगळ्यांचीच मुले झाकली जातात.

आपल्यालाही एक विनंती आहे. पुढच्या निकालानंतर गुणवंतांच्या फोटोंशेजारी रोज एका शाळेच्या अख्ख्या वर्गाचा फोटो छापावा आणि खाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे द्यावीत.

आपली नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका