मालिश करणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत दिवसचे दिवस मांडवाखाली हात वर धरून काम केल्यावर खांदे आणि मान अवघडतात. मग माणसं नाशिकला येतात आणि ‘थेरपी सेंटर’ची पाटी दिसेल तिथे शिरतात. पाटीवर ‘थेरपिस्ट’ लिहायला कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. मालिश करणाऱ्यांसाठी वेगळी सरकारी नोंदणी आपल्याकडे नाही, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते.

दुखण्यासाठी मालिश हवी असेल तर नोंदणीकृत माणसाकडूनच सुरुवात करावी. फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे असते, आयुर्वेदाच्या वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. या दोन्ही पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. तरीही नोंदणी क्रमांक विचारायला आपण संकोचतो. पंचकर्म केंद्रात आणखी एक विचारावं: अंगाला हात प्रत्यक्ष कोण लावणार? पाटीवर नाव वैद्यांचं आणि मालिश करणारा मदतनीस चार दिवसांत शिकलेला, असं घडतं. मदतनीस असायला हरकत नाही, पण वैद्यांनी आधी तपासलेलं असावं आणि ते केंद्रात हजर असावेत.

जाणकार माणूस तेलाला हात लावण्याआधी प्रश्न विचारतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? मधुमेहाने तळपाय बधिर झालेत का? हाडं ठिसूळ आहेत का? ताप आहे का? अपचन किंवा कफाचा विकार असताना अभ्यंग करू नये, हे तर आयुर्वेदातच सांगितलं आहे. एकही प्रश्न न विचारता ‘झोपा’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

सगळ्यात जास्त चूक होते ती पोटरीच्या बाबतीत. ऑपरेशन, प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर तिथल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाते आणि जीव धोक्यात येतो. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्या टेपने मोजाव्यात. फरक ३ सेंमीहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फरक कमी निघाला म्हणूनही निर्धास्त राहू नये. कंबरदुखीबरोबर पाऊल उचलेनासं झालं किंवा लघवी अडली, तर तिथेही मालिशचं काम नाही, थेट रुग्णालयातच जायला हवं.

दाढी-कटिंगनंतर मान कडाकड मोडून घेणं तर कायमचं बंद करावं. झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होतो.

घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशींचा हात हलका असतो, बाळंतिणीला त्यांचा मोठा आधार असतो. त्यांना कमी लेखू नये. पण ‘दूध काढते’ म्हणून तान्ह्या बाळाची छाती पिळणं आणि नाकाकानात तेल सोडणं, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठामपणे थांबवाव्यात. आईच्या हार्मोन्समुळे बाळाच्या छातीत आलेली गाठ आपोआप जिरते. पिळली तर तिथे पू होतो.

तेलाचं भांडं गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावं आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. एका माणसाचं उरलेलं तेल दुसऱ्याला लावू नये. मालिशनंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं चालतं. काळे-निळे डाग किंवा मुंग्या येणं चालत नाही.

महापालिकेला एक विनंती. उपचाराचा दावा करणाऱ्या प्रत्येक मालिश केंद्राच्या दर्शनी भागात जबाबदार व्यक्तीची पदवी, नोंदणी क्रमांक आणि हजर राहण्याची वेळ मराठीत लावणं सक्तीचं करावं. सिंहस्थासाठी चालून थकलेले लाखो पाय शहरात येण्याआधी हे व्हायला हवं.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक