अंकल, तुम्ही स्टूल खाली केलंत

प्रिय अंकल,

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

तुमच्याआधी जिथे ड्रम शिकत होते तिथल्या सरांनी मला बघताक्षणीच निकाल लावला होता. उंची कमी, पाय पेडलला नीट पोचत नाहीत, तू कीबोर्ड घे. मी हट्टानं ड्रमच धरले, तर वर्षभर एकच रॉक बीट घोटून घेतला. हात आखडतोय म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'अजून जोरात मार.' जॅझबद्दल विचारलं तर म्हणे, म्हाताऱ्यांची करमणूक. फी मात्र महिन्याच्या एक तारखेला.

आणि तुम्ही? एक अक्षर न बोलता त्या दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसलात आणि स्टुलाचा गंजका स्क्रू फिरवायला लागलात. मी 'राहू द्या हो अंकल' म्हणतेय, तुमचं लक्षच नाही. स्टूल खाली आलं, मी बसले, टाच टेकली. 'आता वाजव, बाय.' ज्या स्टुलावर तुम्ही नातवालाही बसू देत नाही, ते अजून माझ्याच उंचीला आहे. वर्षभरात त्या क्लासमध्ये एकालाही हे सुचू नये?

मी ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचं गाणं वाजवायला घेतलं तेव्हा वाटलं, आता नाक मुरडणार. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसणारी तुमची ती गोव्याकडची पिढी! तुम्ही उलट हसलात. 'हा त्यांचा ड्रमर बिल वॉर्ड जॅझवाल्या जीन क्रूपाचे ड्रम ऐकून मोठा झालाय, सरळ कसा वाजवेल?' म्हणत त्यांच्या 'विकेड वर्ल्ड' गाण्याची सुरुवात हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, वाजवून दाखवलीत. ज्याला मी निव्वळ दणदणाट समजत होते, ते चक्क झुलत होतं.

मग अर्ल पामर. न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर, जॅझमध्ये मुरलेला. 1955 साली रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रुटी' गाण्याला ड्रमवर तोच. रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ आठ ठोके पाडायचा आणि पामरच्या हातात शफलचा, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांचा, झोका. त्या पियानोशी जुळवून घेता घेता पामरनं पुढे आपला झोका सरळ करत नेला, आणि रॉकचा बीट घडत गेला. तुम्ही यावर भाषण दिलं नाहीत. डाव्या हातानं टेबलावर सरळ आठ धरलेत, उजव्यानं शफल, आणि बोलता बोलता उजवा हळूहळू सरळ करत आणलात. अंगावर काटा आला. वर्षभर घोटलेला बीट तो हाच, पण त्याचे आईबाप मला कुणी दाखवलेच नव्हते!

तेव्हापासून हात सुटला. गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्समागे ड्रम वाजवणाऱ्या मिच मिचेलमध्ये जॅझ सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचा ड्रमर एल्विन जोन्स कुठे डोकावतो, ते आता कान आपसूक पकडतो.

जाणकार पुष्कळ भेटले, अंकल. बहुतेकांना समोरच्याला काही येत नाही याचाच आनंद फार. तुम्ही उभी हयात वाजवलंत, तरी मी काहीही बरळले की आधी 'बरोबर, पण हे ऐक' म्हणता. त्या 'बरोबर'साठी माझे पाय तुमच्या जिन्याकडे वळतात.

येत्या रविवारी हेंड्रिक्सचं 'मॅनिक डिप्रेशन' बसवून आणतेय. तीनच्या चालीत ते रोल मारताना अजून धाप लागते, तेवढं बघा.

तुमची,
बाय