कोपरीतल्या काकूंना जाहीर आभारपत्र

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलाला मुंबई दाखवायची म्हटली की यादी तयारच असते: राणीची बाग, गेटवे, म्हातारीचा बूट, मरीन ड्राइव्ह आणि शेवटी चौपाटीवर भेळ. सगळं एका रविवारात. तुम्ही ती यादी बघता आणि एक जागा ठेवून बाकीच्यांवर फुली मारता. ठाणे पूर्वेतल्या कितीतरी आईबाबांचे रविवार त्या फुलीमुळे सुखाचे गेले. त्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र.

तुमचा हिशेब साधा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाचा उत्साह दुपारच्या झोपेपर्यंत टिकतो, आणि त्यातले दोन तास लोकल घेते. उरलेल्या वेळात एकच जागा नीट बघून होते. दुसरी जागा मूल खांद्यावर झोपलेलं असताना आपणच बघतो. आणि लोकल हा वाया गेलेला वेळ नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पटलं. 16 एप्रिल 1853 रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. त्याच मार्गावरून आपलं मूल खिडकीत बसून जातं. कुर्ला कारशेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दिसली की पुढची दहा मिनिटं त्याला दुसरं काही लागत नाही.

पण खिडकी मिळायला हवी. म्हणून तुम्ही फास्ट धरू देत नाही. कल्याण, कर्जत, कसाऱ्याकडून येणारी फास्ट ठाण्यात येते ती भरूनच. पंधरा-वीस मिनिटं वाचतात, पण सगळा वेळ मूल कडेवर घेऊन उभं राहावं लागतं. ठाण्याहूनच सुटणारी स्लो रिकामी लागते आणि तासाभरात सीएसएमटीला पोचवते. खिडकीसुद्धा गाडीच्या दिशेला पाठ होईल अशी घ्यायची, कारण समोरून वारा येतो तसे धुळीचे कणही येतात आणि मूल डोळे चोळत बसतं. ही बारकी गोष्ट दुसऱ्या कुणीच सांगितली नव्हती.

चढण्या-उतरण्याचं तुम्ही जे शिकवलंत, त्याचे आभार सगळ्यात मोठे. मुलाला बोट धरून चढवायचं नाही. फलाट आणि गाडी यांच्यातली फट आपण एका पावलात ओलांडतो. मुलाचा अख्खा पाय त्यात जातो. दोघं मोठे असतील तर एकाने आधी आत जायचं, दुसऱ्याने मूल त्याच्या हातात द्यायचं आणि लगेच मागोमाग चढायचं. एकटं असाल तर मूल कडेवर, सॅक पोटावर आणि एक हात दांड्यासाठी मोकळा. त्यामुळे बाबागाडी घरीच. पुलाच्या पायऱ्यांवर तिला उचलायला तिसरा हात लागतो. भायखळ्याला उतरायचं असेल तर करी रोडलाच उठायचं, फलाट कुठल्या बाजूला येणार ते दारातल्या बाईला विचारायचं आणि त्या बाजूला सरकायचं. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते.

राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते. रविवारी साडेनऊला दार उघडताना तिथे असलं तर गर्दीही कमी आणि प्राणीही जागे. दुपारी ते सावली धरून पडतात आणि मूल विचारतं, वाघ कुठे आहे? भायखळा पूर्वेहून चालत दहा-बारा मिनिटं, पण छोट्या पावलांना वीस. पेंग्विनचं दालन 2017 पासून खुलं आहे. घामेजलेलं मूल तिथल्या एसीत शिरलं की शिंका सुरू होतात, म्हणून एक पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट हाताशी ठेवायचा. खाणं राजगिऱ्याचा लाडू, काकडी, तूप-साखर-पोळी; पाणी एका मोठ्या बाटलीऐवजी दोन लहान बाटल्यांत.

परतीला रविवारचा मेगाब्लॉक आडवा येतो. ब्लॉक कुठून कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे आदल्या दिवशीच बघायचं. त्या वेळात गाड्या उशिरा धावतात आणि भायखळ्याला भरलेल्या येतात. तुमचा उपाय असा, की उलटं सीएसएमटीला जायचं आणि तिथून रिकामी ठाणे लोकल धरायची. दोन्ही तिकिटं रीतसर काढायची. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. सुटणाऱ्या गाडीत मूल मांडीवर आडवं झोपतं आणि मुलुंड येईपर्यंत हलत नाही.

घारापुरीला मूल पाच वर्षांचं होईपर्यंत थांबा, हेही तुमचंच. गेटवेहून बोटीत तासभर, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, आणि हातातला खाऊ हिसकावणारी माकडं. सोमवारी लेणी बंद. जायचंच तर लहान मापाचं लाइफ जॅकेट बोटीत चढण्याआधी मागून, घालून बघायचं. मोठ्याचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

आणि ज्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, ती तुम्ही प्रत्येकाला बसवून सांगता: मूल हरवलं तर. आपला मोबाईल नंबर त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहायचा आणि चिठ्ठीवर लिहून खिशातही ठेवायचा. नाव मात्र कपड्यांवर दिसेल असं लिहायचं नाही, कारण नावाने हाक मारणारा मुलाला ओळखीचा वाटतो. ‘आई’ आणि ‘बाबा’ यांची खरी नावं त्याच्याकडून पाठ करून घ्यायची. दोघं मोठे असताना एक जण गाडीत राहिला, तर फलाटावरच्याने मुलाला घेऊन जागेवरच थांबायचं आणि गाडीतल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. मूल एकटंच मागे राहिलं तर साखळी ओढायला कचरायचं नाही. रेल्वेचा 139 आणि मुलांसाठीचा 1098, हे नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवेत.

हे सगळं तुम्ही न कंटाळता, प्रत्येक नव्या आईला पहिल्यापासून सांगता. शेजारच्या इमारतीतल्या ज्या घरांना तुम्ही ओळखतही नाही, तीही आता असंच मुंबई बघायला जातात. मनापासून आभार, काकू.

तुमचे,
कोपरीतले आईबाबा